बिबट्या–मानव सहजीवन (जुन्नर)
पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात धरणांच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्या (पँथेरा पार्डस) शिवारातच स्थिरावला. उसात त्याला आडोसा मिळतो, तर वस्तीलगत कुत्री, शेळ्या व डुकरे असे भक्ष्य. मादी उसातच पिल्ले घालते. ऊसतोडीत सापडलेली पिल्ले वन विभाग क्रेटमध्ये घालून सायंकाळी त्याच जागी ठेवतो. अंधार पडल्यावर मादी त्यांना तोंडात धरून नेते. जखमी बिबट्यांवर माणिकडोहच्या निवारा केंद्रात उपचार होतात. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्यास माणसांवरील हल्ले वाढू शकतात, असे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या संशोधनातून (2011) दिसले. लहान मुलांना धोका अधिक असतो. म्हणून बंदिस्त गोठे, अंगणात उजेड व रात्री पाणी द्यायला शिवारात जावे लागू नये यासाठी शेतीला दिवसा वीज अत्यावश्यक ठरतात.