पॅकेट गेलं, ॲकचं काय?

आमच्या धरणगावापासून समुद्र बराच लांब. तापीतल्या नावेतून हाक मारली तर काठावर ऐकू जाते. पण मोबाईलची रेंज संपल्यावर समुद्रातल्या कोळ्याची हाक कोण ऐकणार?

परदेशात कयाकमधून मासे धरणारे हौशी लोक खिशात इनरीच ठेवतात. उपग्रहावरून घरी मेसेज, संकटात एसओएस. आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा! याचं मूळ १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा. त्यात २००८ साली २६/११ च्या अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली, तांडेलाला मारलं. बोटीवर थुरायाचा सॅटेलाइट फोन सापडला. मग थुराया आणि इरिडियमवर बंदी कडक झाली, आणि इनरीच चालतं इरिडियमवरच.

कोळ्यांना २०१० पासून मिळालं ते इस्रोचं डॅट. बटण दाबलं की बोटीचं ठिकाण उपग्रहामार्गे बंगळुरूला, तिथून कोस्ट गार्डला. वीस हजारांहून जास्त डॅट वापरात आले. पण सगळं एकेरी! हाक पोचली की नाही, बोटीवर कळायचंच नाही. बुडत्या बोटीला धरून राहायचं की पोहत सुटायचं, हे ठरवायचं कशावर? आपल्या भाषेत, पॅकेट गेलं, ॲक नाही.

ती पोचपावती १७ जानेवारी २०२४ ला आलेल्या डॅट-एसजीने दिली. पाठोपाठ ३० ऑगस्टला पालघरहून दुहेरी मेसेज करणाऱ्या ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली, एक लाख बोटींसाठी. अर्थात यांत्रिक आणि मोटार लावलेल्या बोटींसाठी. वल्ह्याची होडी त्यात नाही.