ना निव्वळ काच, ना निव्वळ प्लास्टिक

भारतातून आलेला दिवाळीचा फोटो तुमच्या फोनवर उमटतो, तेव्हा तो बरीचशी वाट काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने आलेला असतो. या तंतूंचा पाया आपल्या इथल्याच हार्लो गावी घातला गेला. काच पुरेशी शुद्ध केली, तर किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरेल आणि तेवढा संदेशवहनाला पुरेल, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तसा तंतू करून दाखवला.

हे झाले लांबच्या प्रवासाचे. यंत्राच्या आत प्रकाश वळवायचा, वाटायचा, तर सपाट पृष्ठभागावर केसाहून बारीक वाटा आखाव्या लागतात. त्यांना वेव्हगाइड म्हणतात. गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या आवरणापेक्षा थोडा जास्त ठेवला, की प्रकाश आतच राहतो. अडचण अशी, की शुद्ध काच घडवायला लागणारी उष्णता सर्किट बोर्ड सोसत नाही; आणि साधे प्लास्टिक सहज घडते, पण तापले की मऊ पडते.

वाट मात्र जुनीच होती. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एबेलमेन यांनी १८४०च्या दशकातच सिलिकॉनच्या एका द्रव संयुगापासून, हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने, भट्टीविना काचेसारखा पदार्थ मिळवला होता. १९८०च्या दशकात जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे हेल्मुट श्मिट आणि सहकाऱ्यांनी अशा सिलिकॉनच्या जाळ्याला सेंद्रिय गट रासायनिक बंधांनी जोडले. १९८४ साली त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्ससाठी असा पदार्थ मांडला. पुढे याच कुळातल्या पदार्थांचे वेव्हगाइड झाले. द्रवाचा पातळ थर द्यायचा, हवा तेवढाच भाग अतिनील प्रकाशाने घट्ट करायचा, उरलेला धुऊन टाकायचा.

याची किंमतही मोजावी लागते. सेंद्रिय गटांतले कार्बन-हायड्रोजन बंध १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश थोडा गिळतात. म्हणून हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवण्याचे प्रयत्न झाले. तरीही तंतूंचा हिशेब किलोमीटरमध्ये होतो, या वाटांचा सेंटिमीटरमध्ये.

काचेची पूड प्लास्टिकमध्ये नुसती कालवली, तर बहुधा पदार्थ धुरकट होतो, कारण प्रकाश कणाकणावर विखुरतो. इथे दोन्ही रेणूंच्या पातळीवर बांधलेले असतात, म्हणून तो आरपार दिसतो. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना कोणी ‘ना इकडची, ना तिकडची’ म्हटले, तर हा फरक त्यांना जरूर सांगा.