उपयोजित मानवशास्त्रातील संस्थाधारित पदव्युत्तर प्रकल्प (विशेष संदर्भ : कवठे महांकाळ)

एखाद्या शासकीय विभागाला, सहकारी संस्थेला, स्वयंसेवी संघटनेला किंवा गावाला पडलेला प्रत्यक्ष प्रश्न हाती घेऊन मानवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेला अभ्यास. नेहमीच्या प्रबंधिकेचा विषय विद्यार्थी निवडतो आणि बहुधा परीक्षक हाच तिचा शेवटचा वाचक ठरतो. संस्थाधारित प्रकल्पात प्रश्न बाहेरून येतो, मुदत आधी ठरते आणि अहवाल दोन ठिकाणी जातो : विद्यापीठात गुणांसाठी आणि संस्थेत निर्णयासाठी. काम सांगणारी संस्था आणि ज्यांच्याविषयी माहिती गोळा होते ती माणसे सहसा वेगळी असतात. या अभ्यासप्रकारातील बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

अमेरिकेत ‘सोसायटी फॉर अप्लाइड अँथ्रपॉलॉजी’ ही संस्था १९४१ मध्ये स्थापन झाली. १९४८ मध्ये सोल टॅक्स यांनी शिकागो विद्यापीठातील विद्यार्थ्यांना आयोवा राज्यातील मेस्क्वाकी वसाहतीत पाठवले. तिथल्या लोकांच्या अडचणी समजून घेणे आणि त्या सोडवण्यात हातभार लावणे ही दोन्ही कामे एकत्र व्हावीत, असा त्यांचा आग्रह होता. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाने १९७४ मध्ये उपयोजित मानवशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे अनेक विद्यापीठांत बाहेरच्या संस्थेसाठी केलेले काम पदवीचा भाग मानले जाऊ लागले.

महाराष्ट्रात या परंपरेचे मूळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सापडते. इरावती कर्वे (१९०५–१९७०) तिथे १९३९ मध्ये रुजू झाल्या. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचे त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केलेले सर्वेक्षण १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. सातारा जिल्ह्यातील पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे कुठे गेली, भावकी कशी विखुरली, नव्या जागी कशावर जगतात, हे त्यात घरोघरी विचारलेले आहे. हा विद्यार्थी-प्रकल्प नव्हे. पण धरण किंवा रस्त्याने हललेल्या वस्तीविषयी प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने आजही आधी हेच सर्वेक्षण वाचावे. कर्वे यांनी फलटण आणि आसपासच्या गावांचाही अभ्यास केला. त्यांचे विद्यार्थी कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी पुढे धनगर जमातींवर दीर्घ काम केले आणि माधव गाडगीळ यांच्यासह गवळी धनगरांच्या उपजीविकेचा पर्यावरणाशी असलेला संबंध मांडला.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (स्थापना १९३६) क्षेत्रकार्य पहिल्यापासून शिक्षणाचा कणा होते. सरदार सरोवर धरणाच्या महाराष्ट्रातील विस्थापितांचे पुनर्वसन कसे चालले आहे, यावर देखरेख ठेवण्याचे काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शासनाने या संस्थेकडे दिले. शासनानेच नेमलेल्या अभ्यासकांनी पुनर्वसनातील उणिवा शासनापुढे मांडल्या. काम देणाऱ्याला न आवडणारे निष्कर्षही लिहिता येतात, आणि ते लिहिलेच पाहिजेत, याचा हा महाराष्ट्रातील ठळक दाखला होय. आयआयटी मुंबईतील ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे ‘सितारा’ (१९८५), मानवशास्त्राचे नव्हे. तरी तिथले विद्यार्थी पाणीपुरवठा, सिंचन, चुलीचे इंधन, एसटीच्या फेऱ्या अशा विषयांवर गावात राहून काम करतात. २०१६ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानात हीच पद्धत इतर महाविद्यालयांपर्यंत नेण्यात आली : प्रश्न जिल्हा प्रशासनाचा, अभ्यास जवळच्या महाविद्यालयाचा.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील तालुका अशा प्रकल्पांना फार अनुकूल आहे. इथे अग्रणी नदी वर्षातला बराच काळ कोरडी असे. मिरज तालुक्यात म्हैसाळजवळ कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या भागात आणले गेले आणि पीक, पैसा, मजुरी, भांडण या सगळ्यांचीच घडी बदलली. एकाच तालुक्यात जुना दुष्काळ आणि नवे पाणी शेजारी-शेजारी दिसतात.

समजा, सिंचन कार्यालयाने विद्यार्थ्याला विचारले : पाणीपट्टी वेळेवर का भरली जात नाही? कार्यालयाच्या कागदावर उत्तर बहुधा तयार असते, ‘लाभधारकांची अनास्था’. मानवशास्त्राचा विद्यार्थी थकबाकीच्या यादीपासून सुरुवात न करता कालव्याने चालत टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, जातो. आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) सुटल्याचा निरोप कोणाला आधी मिळतो, रात्रीची पाळी कोणाच्या वाट्याला येते, मोटार टाकून पाणी कोण ओढतो, हे तो पाहतो. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची पाणीपट्टी साखर कारखान्याच्या बिलातून परस्पर कापली जाते. द्राक्षबागायतदाराचा माल व्यापारी बांधावरून उचलतो, तिथे अशी कपात शक्य नसते. म्हणजे जो उसात आहे तो ‘नियमित’ आणि जो द्राक्षात आहे तो ‘थकबाकीदार’ दिसू लागतो, आणि या फरकाचा मनोवृत्तीशी फारसा संबंध नसतो. शिवाय पाणी ओढ्यात किंवा तलावात सोडले की आजूबाजूच्या विहिरींना पाझर फुटतो. ज्याच्या विहिरीची पातळी चढली त्याचे नाव लाभधारकांच्या यादीत असेलच असे नाही. हे सारे मांडले की कार्यालयाचा प्रश्नच बदलतो. मूळ प्रश्न नम्रपणे दुरुस्त करून परत देणे हे अशा प्रकल्पाचे सर्वांत मोलाचे फलित असते.

दुसरे क्षेत्र बेदाण्याचे. तासगाव–कवठे महांकाळ पट्ट्यात फेब्रुवारीपासून माळावरच्या शेडमध्ये बेदाणा घातला जातो. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांच्या एकावर एक मजल्यांवर पसरतात. सुमारे पंधरवड्यात माल वाळतो, मग झाडणी, धुरी आणि निवडणी. निवडणीला बहुतांश बाया. उत्पादकांच्या संघाने ‘मजूर टिकत का नाहीत’ असे विचारले, तर मजुरीच्या दराइतकेच शेडवरचे पाणी, आडोसा, तान्ह्या मुलाला ठेवायची सोय आणि धुरीचा डोळ्यांना होणारा त्रास यांची नोंद घ्यावी लागते. या गोष्टी प्रश्नावलीत हाती लागत नाहीत. निवडणीच्या पाटीशेजारी बसून चार तास हात चालवले की बायका आपणहून बोलतात.

तिसरा विषय धनगरांचा. तालुक्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन हे मेंढपाळांचे मोठे श्रद्धास्थान आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांच्या ओव्या, कथा आणि देवस्थाने यांच्यावर आयुष्यभर काम केले; बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. ते काम कोणत्याही संस्थेच्या मागणीवरून झाले नव्हते. तरीही पशुसंवर्धन विभागासाठी लसीकरणाचा किंवा शिक्षण विभागासाठी मुलांच्या गळतीचा प्रकल्प करणाऱ्याला त्याच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कारण वाडा (मेंढरांसह फिरणारा धनगर कुटुंबांचा गट) कोणत्या वाटेने जातो, कोणाच्या रानात मेंढरे बसवतो, कोणत्या जत्रेला परततो, हे देव आणि नात्यागोत्यांशी बांधलेले असते.

नीतीचा प्रश्न इथे कागदी नाही. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या २०१२ च्या तत्त्वांत कोणाला इजा न होऊ देणे, कामाविषयी मोकळेपणा, माहितीपूर्ण संमती आणि निष्कर्ष लोकांना उपलब्ध करणे यांचा समावेश आहे. पण लहान गावात नाव बदलून भागत नाही. ‘गावातील एक महिला शेडमालक’ एवढे लिहिले तरी ती कोण हे सगळ्यांना कळते. मोटार टाकून पाणी घेणाऱ्याची नोंद कार्यालयाच्या हाती गेली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. म्हणून कामाआधीच्या लेखी करारात काही गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : कच्च्या नोंदी विद्यार्थ्याकडेच राहतील, संस्थेला फक्त अहवाल मिळेल, प्रबंधिका छापण्यास हरकत घेता येणार नाही आणि मराठीतला सारांश ग्रामसभेत वाचला जाईल. शेवटची अट सर्वांत जास्त टाळली जाते. ज्यांनी वेळ देऊन माहिती सांगितली त्यांना ती कोणत्या रूपात वर गेली हे न कळणे हा सरळ अन्याय आहे. इंग्रजी अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवल्याने तो भरून निघत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून राज्यातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर रचनेत क्षेत्रप्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षणाला दुसऱ्या सत्रात चार श्रेयांक दिले गेले, म्हणजे सुमारे १२० तास. संशोधन प्रकल्प त्यानंतरच्या दोन सत्रांत येतो. सांगली, सातारा, कोल्हापूर हे शिवाजी विद्यापीठाचे (स्थापना १९६२) क्षेत्र असल्याने कवठे महांकाळला येणारा विद्यार्थीही बहुधा याच वेळापत्रकाने येईल. दुसरे सत्र साधारण जानेवारी ते मे असे चालते. त्या काळात बेदाण्याची शेड गजबजलेली असते आणि उन्हाळी आवर्तनाची ओढाताण ऐन भरात असते; पाणी आणि मजुरी या विषयांना हे सत्र चांगलेच सोयीचे. मेंढपाळांच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचे ठरते. वाडे तेव्हा बाहेर गेलेले असतात, वस्तीवर म्हातारी माणसे आणि थोडी मुले उरतात, आणि त्यांच्याच मुलाखती घेऊन लिहिलेला अहवाल अर्ध्या जमातीला वगळून तयार होतो. वाडे पावसाच्या सुरुवातीला परततात आणि दसऱ्याच्या सुमारास आरेवाडीच्या बनात गर्दी होते. त्यामुळे धनगरांविषयीचा प्रकल्प तिसऱ्या सत्राच्या संशोधनात घ्यावा, आणि संस्थेला तो उन्हाळ्यातच हवा असेल तर विद्यार्थ्याने वस्तीवर न थांबता वाड्याबरोबर चालावे.