दिल्लीची कावीळ : १९५५-५६

"डॉक्टर, आम्ही नळाचंच पाणी पितो, मग कावीळ कशी झाली?" हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. त्याचं उत्तर दिल्लीच्या एका साथीत सापडतं.

१९५५ साली यमुनेला पूर आला आणि नदीचं पात्र सरकलं. नजफगड नाल्याचं सांडपाणी वजिराबादला, म्हणजे शहरासाठी पाणी उपसतात तिथेच पोचलं. धोका ओळखून क्लोरीनचं प्रमाण वाढवण्यात आलं. टायफॉईड किंवा हगवणीची साथ आली नाही. पण काही आठवड्यांतच कावीळ पसरली. अंदाजे २९,३०० लोकांना ती झाली. गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

असं का झालं? सांडपाण्यातली घाण बरंचसं क्लोरीन स्वतःच संपवते. उरलेल्या क्लोरीनने जिवाणू मेले, पण विषाणू तगून राहिले. तेव्हा ही हिपॅटायटिस 'ए'ची साथ समजली गेली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने अनेक वर्षांनी तपासल्यावर तो विषाणू वेगळा असल्याचं कळलं. आज त्याला आपण हिपॅटायटिस 'ई' म्हणतो.

हा विषाणू शरीरात शिरल्यावर कावीळ दिसायला २ ते १० आठवडे लागू शकतात. त्यामुळे नेमकं कोणतं पाणी बाधलं, हे आठवतही नाही.

म्हणून पाणी गढूळ आलं, वास आला किंवा वस्तीत कावीळ सुरू झाली, तर पाणी उकळूनच प्या. आणि गरोदरपणात डोळे पिवळे दिसले, तर झाडपाल्याच्या औषधात वेळ घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.