हरितगृहाची खिडकी

पदव्युत्तर वर्गात अलंकारविचार शिकवताना आम्ही शिक्षक उदाहरणे बहुधा काव्यातूनच घेतो. गेल्या सत्रात मात्र आमच्यापैकी एकाने वर्तमानपत्रातला शब्द घेतला : ‘हरितगृह परिणाम’. ही वरवर शास्त्रीय दिसणारी संज्ञा मुळात उपमेवर उभी आहे. पृथ्वी हे उपमेय, काचेचे हरितगृह हे उपमान आणि उष्णता कोंडून धरणे हा साधारण धर्म. फळ्यावर एवढे लिहून होते न होते तोच मावळातून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या पॉलिहाउसात ऊन चढलं की आई आधी पडदे गुंडाळते. पृथ्वीचे पडदे कोण गुंडाळणार?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण प्रश्न काही हसण्यावारी जाईना. ज्या वस्तूला आपण उपमान म्हणून इतक्या सहजपणे वापरतो, त्या वस्तूचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो का? तो पाहू लागल्यावर आमच्या ध्यानात आले, की हरितगृहाची कथा उष्णता कोंडण्याची जितकी आहे तितकीच, किंबहुना अधिक, ती कोंडलेली हवा मोकळी करण्याची आहे.

आरंभ रोमपासून करावा लागतो. सम्राट टायबेरियस याला काकडीवर्गातील एक फळ वर्षभर ताटात हवे असे. त्यासाठी त्याचे माळी चाके लावलेल्या वाफ्यांत वेल लावीत, ते वाफे उन्हात ढकलीत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली ठेवीत, असे प्लिनीने नोंदवले आहे. येथे तापमान राखण्याचे साधन म्हणजे माणसाचे हात. वाफा आत कधी न्यायचा आणि बाहेर कधी काढायचा, हे ठरवणारा कोणीतरी माळी तेथे अहोरात्र हजर असला पाहिजे. त्याचे नाव इतिहासात नाही.

पुढे युरोपातील सरदारांना संत्र्या-लिंबांच्या झाडांचा शौक लागला. दक्षिणेची ही झाडे उत्तरेच्या हिवाळ्यात तगावीत म्हणून ‘ऑरेंजरी’ नावाच्या इमारती उभ्या राहिल्या. भिंती जाड, दक्षिणेला उंच खिडक्या आणि आत शेगड्या. थंडी पडली की खिडक्या गच्च लावायच्या आणि कोळसे पेटवायचे. परिणाम असा झाला, की थंडीतून वाचलेली झाडे धुराने आणि कोंदट हवेने मरू लागली. ऊब आणि प्राण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या इमारतींनी दिला.

तो धडा नीट वाचणारा गृहस्थ म्हणजे जॉन एव्हलिन. रोजनिशीकार म्हणून इंग्रजी साहित्याचे अभ्यासक त्याला ओळखतात. लंडनच्या धुराविरुद्ध १६६१ साली पुस्तिका लिहिणारा हाच. १६८५ साली तो चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या बागेत गेला. तेथील वॉट्स नावाच्या माळ्याने विस्तव जमिनीखाली नेला होता. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येत, फक्त हिम तेवढे बाहेर ठेवावे लागे. एव्हलिनने याची कौतुकाने नोंद केली. १६९१ मध्ये त्याने स्वतःची योजना प्रसिद्ध केली. भट्टी घराबाहेर, बाहेरची ताजी हवा भट्टीतल्या नळ्यांतून तापून आत येणार आणि आतली शिळी हवा जमिनीतल्या मार्गाने त्याच भट्टीकडे ओढली जाऊन ज्वाळेला खाद्य पुरवणार. एकाच विस्तवाने घर तापते आणि श्वासही घेते. आजच्या वायुवीजनशास्त्राचे सूत्र येथे पुरते सापडते : हवा आत यायची असेल, तर तिला बाहेर जायला वाट हवी.

एकोणिसाव्या शतकात या सूत्राला लोखंड आणि काच मिळाली. १८१६ साली लाउडनने घडीव लोखंडाच्या बाकदार पट्ट्या तयार केल्या आणि काचेचे घुमट शक्य झाले. इंग्लंडमधील काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला. या दोहोंच्या मधल्या काळात, १८३६ ते १८४० या वर्षांत, चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्सटनने ‘ग्रेट स्टोव्ह’ उभारले. मराठीत सांगायचे तर थोरली शेगडी! लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची ६७ फूट. तळघरात आठ बॉयलर आणि गरम पाण्याच्या सुमारे सात मैल लांबीच्या नळ्या. कोळसा भुयारी रुळांवरून येई, म्हणजे बागेत फिरणाऱ्या पाहुण्यांच्या दृष्टीस काजळी पडत नसे. १८४९ च्या नोव्हेंबरात याच पॅक्सटनने चॅट्सवर्थलाच तापवलेल्या पाण्याच्या कुंडात अॅमेझॉनचे महाकमळ फुलवले. पाणी साचून राहू नये म्हणून त्याने कुंडात छोटी चाके फिरती ठेवली होती. हवेचा नियम पाण्यालाही लागू पडतो, हे त्याने ओळखले होते.

क्यू येथील पाम हाउस १८४८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा चिंता उलटी होती. उन्हाने पाने करपू नयेत म्हणून तेथे हिरवट छटेची काच बसवली गेली. धूर भुयारातून दूरच्या मनोऱ्यात नेला गेला. उष्ण हवा वर चढते. तिला शिखराशी झरोका दिला की ती निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालच्या झडपांतून थंड हवा आत शिरते. एवढ्या साध्या तत्त्वावर ही सारी शोभा तगून होती. मात्र ऊन-वाऱ्याची चाल पाहून झरोका किती उघडायचा आणि रात्री कोळसा किती घालायचा, हा निर्णय माणसाचाच होता.

माणूस आणि कोळसा गेले की काय होते, हे थोरल्या शेगडीनेच दाखवले. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. माळी रणांगणावर गेले. विषुववृत्तावरून आणलेली झाडे एकामागून एक गारठून मेली आणि १९२० साली स्फोटके लावून ती इमारत पाडण्यात आली. ऐंशी वर्षे जी काच साम्राज्याच्या वैभवाची खूण होती, ती विस्तवाविना दोन-चार हिवाळेही काढू शकली नाही.

आता उपमेकडे वळू. जिनिव्हाच्या सोस्यूरने अठराव्या शतकात काचेची झाकणे असलेली पेटी उन्हात ठेवून तिच्यातली उष्णता मोजली होती. फ्रेंच गणिती फूरिये याने १८२० च्या दशकात पृथ्वीच्या तापमानाचा विचार करताना त्या पेटीची आठवण काढली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘हरितगृह’ हे उपमान शास्त्रज्ञांच्या लेखनात रुजले. नेमक्या त्याच वेळी, १९०९ मध्ये, आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने त्याची परीक्षा घेतली. त्याने दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाच्या स्फटिकाची पारदर्शक चकती. काच उष्णतेचे अदृश्य किरण अडवते, सैंधव त्यांना जाऊ देते. दोन्हींवर पडणारे ऊन आधी काचेतून गाळून घेतल्यावर दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. अर्थ स्पष्ट होता. काचेच्या किरण अडवण्याचा वाटा अगदीच शून्य नसला, तरी हरितगृह तापते ते मुख्यतः आतली तापलेली हवा निसटू शकत नाही म्हणून.

पृथ्वीचे तसे नाही. तिच्याभोवती हवा कोंडणारे छप्पर नाही, आणि अवकाशात हवा नसल्याने वाऱ्यावाटे उष्णता टाकण्याची सोयही नाही. ती निवते केवळ किरणांवाटे, आणि कर्बवायू व बाष्प हे किरण शोषतात. ही गोष्ट १८५९ पासून टिंडलच्या प्रयोगांनी सिद्ध केली. म्हणजे वातावरणाचे शास्त्र पक्के आहे, उपमा मात्र लंगडी आहे. उपमेय तापते, उपमानही तापते. साधारण धर्म मात्र आपण फळ्यावर चुकीचा लिहिला होता.

मावळातल्या त्या आईला हे आमच्याआधी ठाऊक होते, तेही वेगळ्या गरजेतून. युरोपात हरितगृह थंडीशी झगडले, आपल्याकडे ते उन्हाशी झगडते. तळेगाव परिसरातील गुलाबांच्या पॉलिहाउसांत प्लॅस्टिकच्या कागदाखाली भर दुपारी हवा रसरसते, म्हणून शिखराशी उघडी फट ठेवतात आणि बाजूचे पडदे गुंडाळतात. पहाटे पडदे उघडायला उशीर झाला, तर कोंदट ओलीत भुरी आणि केवडा धरतो. काही ठिकाणी एका भिंतीला ओल्या गाद्या आणि समोरच्या भिंतीला पंखे बसवतात. गादीतून येणारी हवा पाणी वाफवून थंड होते. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे ताटे बांधून त्यांवर पाणी शिंपडणाऱ्या आपल्या आज्यांना हे तंत्र नवे वाटले नसते.

तर पुढच्या सत्रात ‘हरितगृह परिणाम’ हे उदाहरण आम्ही फळ्यावरून काढून टाकणार नाही. उलट, उपमा जेथे साम्य दाखवते तेथेच ती काय झाकते, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. या उपमेने दोन गोष्टी झाकल्या : खिडकी, आणि ती उघडणारा माणूस. टायबेरियसचा वाफा ढकलणारे हात, थोरल्या शेगडीत कोळसा टाकणारे हात आणि पहाटे पडदे गुंडाळणारे हात उपमेत कोठेच दिसत नाहीत. हरितगृह चुकून फार तापले, तर ते हात धावून येतात. पृथ्वीसाठी तसे कोणी बाहेर उभे नाही. आपण सारे आतच आहोत.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वर्गात दिले नव्हते. खरे तर ते तिने प्रश्नातच दिले होते.