नाणे काय सांगते?

नाण्यांचा छंद म्हणजे धातूचे तुकडे जमवण्याची हौस, असे पुष्कळांना वाटते. आरंभी आम्हांलाही तसेच वाटे. थोर पुरुषाच्या किंवा प्रसंगाच्या स्मरणार्थ पाडलेले नाणे हाती आले, त्यावरची अक्षरे वाचली, की इतिहास कळला, अशी आमची समजूत होती. ती कशी दुरुस्त झाली, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

स्वतंत्र भारताने स्मारक नाणी प्रथम पाडली ती १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. पुढे १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त २० पैशांपासून १० रुपयांपर्यंतची नाणी निघाली. त्यांतले १० रुपयांचे नाणे चांदीचे होते. या नाण्यांवर १८६९ व १९४८ हे जन्ममृत्यूचे आकडे आहेत, पण नाणे पाडल्याचे साल नाही. नवखा माणूस ते १९४८ चे समजून वहीत टिपतो. आम्हीही तसेच टिपले होते. नाण्यावरचे साल हे स्मरणाचे असते, टांकसाळीचे असेलच असे नाही, हा आमचा पहिला धडा.

दुसरा धडा शिवराईने दिला. करवीरच्या गादीचे हे गाव. येथे कित्येक घरी देव्हाऱ्यात शिवराई पुजलेली आढळते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. रायगडावर ६ जून १६७४ रोजी महाराजांना राज्याभिषेक झाला. ‘छत्रपति’ हे बिरुद मिरवणारा सोन्याचा होन म्हणजे त्या सोहळ्याचे स्मारकच मानला जातो. परंतु तांब्याच्या शिवराया हीच अक्षरे घेऊन महाराजांच्या पश्चात, पार पेशवाईतही पडत राहिल्या. त्यामुळे घरातली शिवराई महाराजांच्या हयातीतली आहे की शंभर वर्षांनंतरची, हे नुसते नाव वाचून ठरत नाही. त्यासाठी अक्षरांचे वळण, ठिपक्यांची मांडणी, वजन आणि नाणे सापडले ते ठिकाण पाहावे लागते.

आणि येथेच आमच्या हातून चूक घडली. एक जुनी शिवराई आम्ही चिंच आणि राख लावून लख्ख घासली. तांबे झळकले, पण अक्षरांच्या कडा गेल्या. ती कोठून आली, हेही विचारून ठेवले नव्हते. आता ती आमच्याजवळ आहे. मात्र ती कोणाच्या काळातली, हे तिला कधीच सांगता येणार नाही.

तिसरा धडा त्याहून जुना, आणि तोही कोल्हापूरचाच. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. त्या काळी या भागात ‘कुर’ हे पद नावाअखेर लावणारे राजे होऊन गेले. त्यांच्या नाण्यांवर धनुष्यबाण असतो. कोणत्याही बखरीत त्यांची वंशावळ नाही. तरीही कोण आधी व कोण नंतर, हे विद्वानांना ठरवता आले, कारण एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला छाप मारला होता. वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यांवर माढरीपुत्र शिवलकुराचा, आणि शिवलकुराच्या नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुराचा छाप आढळतो. नव्या छापाखाली जुन्याच्या खुणा राहून गेल्या, आणि त्याच क्रम सांगून गेल्या.

केवळ सुबक नाणी वेचणाऱ्या हौशी माणसाने ही खराब, दुहेरी छापाची नाणी बाजूला टाकली असती. स्मारक नाणे पाडणारा आपल्याला जे लक्षात ठेवायला लावतो, ते अक्षरांत असते. त्याने न सांगितलेले मात्र झिजेत, वजनात आणि मातीत असते. म्हणून आमची तरुण मित्रांस विनंती एवढीच, की आजोबांच्या पेटीतले नाणे हाती आल्यास आधी ते कोठून आले हे विचारून वहीत लिहावे, त्याचे वजन करावे, आणि चिंच स्वयंपाकघरातच राहू द्यावी.