वाड्यातली एक चूल, कॉलनीतल्या अनेक चुली

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "साहेब, तुम्ही गावाच्या इतिहासावर लिहा." गाविलगड, इमादशाही, हौज कटोरा यांवर लिहिणारे जाणकार आपल्याकडे आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. माझं आयुष्य बँकेत खाती सांभाळण्यात गेलं. खात्यामागे घर असतं, घरामागे माणसं असतात. म्हणून मी इथे घरांचा इतिहास लिहितो आहे. परतवाड्यात गेल्या सत्तर वर्षांत लेकरं कोणी वाढवली, म्हाताऱ्यांना कोणी पाहिलं, पैसा कोणाच्या हाती होता आणि हे सगळं का बदललं, एवढाच विषय. आपली सोसायटी याच बदलातून जन्मली, त्यामुळे तो या अंकात शोभेल असं वाटतं.

अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. त्या मानानं परतवाडा हे कालचं पोर. इंग्रजी अमलात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणीच्या मागोमाग बाजार आला. १८९३ मध्ये छावणी उठली, १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाही मोडून अमरावतीत गेला, पण बाजार उठला नाही. मेळघाटातलं सागवान इथे उतरायचं. बैतुलकडचा रस्ता इथूनच जातो. त्यामुळे परतवाड्यातली बरीच घरं मूळची इथली नाहीत. कोणी लाकडाच्या धंद्यापायी आलं, कोणी दुकानासाठी, कोणी सरकारी नोकरीत. आपल्या बोलण्यात मराठी आणि हिंदी हातात हात घालून चालतात, ते त्यामुळेच. आधी एक भाऊ यायचा, जम बसला की धाकट्याला बोलवायचा, मग पुतण्या शिकायला यायचा. असं करत करत एकाच धाब्याखाली पंधरा-वीस माणसं व्हायची.

आमचं घर तसंच. आबाजी, आजी, त्यांचे तीन मुलगे, तीन सुना, आम्ही नऊ पोट्टे आणि एक विधवा आत्या. शिवाय अंजनगावकडचा कोणी ना कोणी शिकायला ठेवलेला असायचाच. सपरीत आबाजींची बाज, मधे माजघर, मागे चूल. कोणतं लेकरू कोणाचं, हा प्रश्न परक्याला पडायचा, घरात पडायचा नाही. आंघोळ काकी घालायची, जेवायला मोठी माय वाढायची, रात्री गोष्टी आत्याच्या. आजी संध्याकाळी एकदाच विचारायची, "सारे पोट्टे जेवले काय वं?" नाव घेऊन कोणाला विचारत नसे.

एक रीत आजच्या तरुण आईबापांना पटणार नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू आपण उचलून घ्यायचं नाही. माझ्या वडिलांनी आबाजींच्या देखत मला कधी कडेवर घेतलं नाही. चुलतभावाला मात्र खांद्यावर बसवून गुजरीत न्यायचे. माझे लाड काकाजींनी केले. त्यात अन्याय नव्हता. आपला-परका करू नये म्हणून घातलेला तो दंडक होता.

उन्हाळ्यात शाळा सुटल्या की आई आम्हाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडे निघायची. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटरची छोटी लाईन १९१३ च्या सुमारास सुरू झाली. ती आपली शकुंतला. गाडी इतकी सावकाश चालायची की अंजनगाव येईस्तोवर डब्यातली शिदोरी संपायची. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. आता गेली काही वर्षं ती बंदच आहे. मामाच्या घरी बायका मिळून सरगुंडे, शेवया, कुरड्या करायच्या आणि बाजांवर वाळत घालायच्या. राखणीला आम्ही पोरं. आंब्याच्या रसासोबत सरगुंडे खाल्ले नाहीत असा उन्हाळा आठवत नाही.

भादव्यात महालक्ष्म्या. वऱ्हाडात याला गौरी म्हणत नाहीत. अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठावर जेवणार, मूळ नक्षत्रावर जाणार. आंबील, पुरण, सोळा भाज्या, कढी, वरून टांगलेला फुलोरा. त्या दिवशी चार गावची भाऊबंदकी एका पंगतीत बसायची. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले भाऊही महालक्ष्मीच्या जेवणाला यायचे.

आता दुसरी बाजू. जुन्या काळाचं गुणगान करताना आपण पुरुष मंडळी तिच्याकडे पाहत नाही. वीस माणसांच्या भाकरी तीन बायांच्या हातून निघायच्या. पुरुष, मग पोरं, मग सासू आणि शेवटी सुना, असं जेवण. सुनेच्या वाट्याला कधी नुसतं आंबट वरण उरायचं. लेकराला ताप आला तरी डॉक्टरकडे न्यायला सासऱ्याचा होकार लागायचा, कारण दोन रुपयेसुद्धा त्यांच्याच कनवटीला. एकत्र कुटुंब चालत होतं ते या बायांच्या पाठीवर. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग हे मोडलं का? लोक सुनांना दोष देतात. "आली नाही तोच वेगळी चूल मागितली" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. माझा हिशेब निराळा आहे. कारणं तीन : लेकरं जगू लागली, पैसा वेगवेगळ्या हातांत आला आणि कायदा बदलला.

पहिलं कारण. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे. पाच-सहा लेकरं होऊ द्यायची, कारण सगळी हाती लागतील याचा भरवसा नव्हता. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला. पुढे १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आलं, १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार आले. जन्मलेलं लेकरू जगणार हे कळल्यावर दोनांवर थांबणं लोकांना पटलं. पण याचा नात्यांवर काय परिणाम होतो, ते बँकवाल्याच्या नजरेनं पाहा. माझ्या वडिलांना पाच भावंडं, आईला चार. म्हणजे मला नऊ काका, आत्या, मामा, मावश्या आणि त्यांचे जोडीदार. मला दोन मुलं, व्याह्यांनाही दोन. म्हणजे माझ्या नातवाला एक आत्या आणि एक मामा. काका नाही, मावशी नाही. यात कोणी भांडलं नाही, कोणी वेगळं निघालं नाही; नाती जन्मालाच आली नाहीत.

दुसरं कारण पैशाचं. पूर्वी घरात पैसा वर्षातून एकदा यायचा, कापूस विकल्यावर. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तरी चुकारा निघायचा तो सात-बारावर नाव असलेल्या बुजुर्गाच्या नावानं. काउंटरवर ते यायचे, मागे दोन जाणते मुलगे हात बांधून उभे. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, पाठोपाठ शाखा वाढल्या. मग शिक्षक, ग्रामसेवक, वीज मंडळाचे, एसटीचे कर्मचारी यांची पगाराची खाती सुरू झाली. ज्याचा पगार त्याचं पासबुक. तिथून घरातला दुसरा कर्ता तयार झाला. सून मास्तरीण असली तर तिसरा. मी काही वर्षं खाती उघडण्याच्या टेबलावर होतो. "सासऱ्याले सांगू नका साहेब, महिन्याचे पन्नास टाकतो लेकराच्या नावानं," असं हळू आवाजात सांगणारे नवरा-बायको माझ्या चांगले लक्षात आहेत. त्यात लबाडी नव्हती. लेकराच्या शिक्षणाची ती पहिली तरतूद होती.

लेकराच्या नावानं खातं म्हटलं की तिसरं कारण येतं, कायदा. १९५६ च्या पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि "त्याच्यानंतर" आई. फॉर्मवर सही बापाची. नऊ महिने पोटात वागवणारी बाई टेबलासमोर बसलेली, आणि सहीसाठी बाप शेतावरून येण्याची वाट पाहायची. पुढे रिझर्व्ह बँकेने ठेवखात्यांपुरती आईला पालक म्हणून सही करायची मोकळीक दिली. पण मूळ प्रश्न सुटला तो गीता हरिहरन या लेखिकेमुळे. त्यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावानं रिलीफ बाँड घ्यायला अर्ज केला; बापाची सही आणा, म्हणून तो परत आला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला : "त्याच्यानंतर" म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल किंवा हजर नसेल तरीही आईच पालक. आमच्याकडे ही बातमी चहाच्या वेळी वाचली गेली तेव्हा एक जुनी महिला कॅशियर एवढंच म्हणाली, "झालं बाप्पा एकदाचं."

मुलींच्या हिश्श्याचंही तसंच. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. कायदा आला, पण हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चालही आली. किती बहिणींनी माझ्या देखत "भाऊ आहे, माहेर राहिलं पाहिजे" म्हणून सही केली! साडीचोळीवर समाधान मानून त्या परत गेल्या. काहींचं माहेर खरोखर राहिलं, काहींचं सहीनंतर दोन दिवाळ्यांत संपलं. आमच्या आत्याचा घरात वाटा नव्हता, पण घरात जागा होती. आजच्या आत्याला कागदावर वाटा आहे, जागेचं मात्र विचारावं लागतं. दोन्ही असायला हरकत काय?

या तिन्ही गोष्टी जमून आल्या आणि वाडे रिकामे होऊ लागले. १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी, पांढरी शिधापत्रिका आली, तेव्हा एका घरात तीन-तीन कार्डं झाली. जनगणनेतसुद्धा एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब धरतात. चूल वेगळी की मोजणी वेगळी. त्याच सुमारास कांडली, देवमाळीकडे प्लॉट पडले आणि आपली सोसायटी नोंदली गेली. सुरुवातीच्या सभासदांतले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या वाड्यातून निघालेले धाकटे किंवा मधले भाऊ होते. सभासद नोंदवहीत प्रत्येकाचं पान स्वतंत्र, हे पाहून काहींना आनंद झाला, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत : एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक पूजा आणि आपसातलं नातं. पुढे आय. पी. देसाईंनी गुजरातमधल्या महुवा गावाचा अभ्यास करून दाखवलं की घरं वेगळी झाली म्हणजे कुटुंब तुटलंच असं नाही. देणंघेणं आणि कर्तव्यं चालू असली तर ते एकत्रच असतं. हे माप आपल्याला लावून पाहा. छप्पर गेलं, चूल गेली, मालमत्ता वाटली गेली. पूजा अर्धी राहिली. महालक्ष्म्या यंदा कोणाकडे, यावर अजून फोन होतात. नातं आहे, पण ते आता आपोआप चालत नाही. वाड्यात लेकरू कोणाच्या ना कोणाच्या नजरेसमोर असायचं. कॉलनीत नजर ठेवायची ठरवावी लागते.

पहिल्या पंधरा वर्षांत आपण ते नकळत केलं. दोघं नवरा-बायको नोकरीवर, तर पोरगं शाळेतून शेजारच्या काकूंकडे जेवायचं. भुलाबाईची गाणी एका अंगणात, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सगळ्या गल्लीतून. शेजारी हेच काका आणि मावशी झाले. जन्माला न आलेली नाती आपण इथे उसनी घेतली, आणि ती चांगली निभावली.

आज चित्र पालटलं आहे. ती पोरं पुण्या-हैदराबादला आहेत. सूनबाईच्या बाळंतपणाला आपल्यापैकी निम्म्या बाया सहा-सहा महिने तिकडे जातात आणि मागे राहिलेला म्हातारा वरणभात शिजवायला शिकतो. नातू व्हिडिओवर "आबाजी" म्हणतो, फोन ठेवला की घर पुन्हा तेवढंच मोठं वाटतं. तिकडे त्या लेकराला सांभाळायला पाळणाघर आणि इकडे आपल्याला सांभाळायला कोणी नाही, असं दोन्हीकडचं दुखणं आहे.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त तीन सूचना मांडतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत चर्चेला घ्याव्यात. एक, आपलं सभागृह दुपारी दोन ते पाच उघडं ठेवावं. कॉलनीतल्या लहान मुलांनी तिथे अभ्यास करावा, आम्ही रिकामे लोक बसू सोबत. गणित मी शिकवीन. दुसरं, एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी करून प्रत्येकामागे जवळचं एक घर नेमावं. सकाळी दूध आत घेतलं की नाही एवढं पाहिलं तरी पुरे. तिसरं बँकेतल्या सवयीचं. नामनिर्देशनाचे फॉर्म भरा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे लक्षात ठेवा. मृत्युपत्र करा, आणि ते करताना मुलगी समोर बसलेली असू द्या. तिच्या देखत जे लिहाल त्यावरून तुमच्या मागे भाऊ-बहिणीत दावा होणार नाही.

सर्व सभासदांना, त्यांच्या लेकरांना आणि दूर गेलेल्या नातवंडांना माझे आशीर्वाद. ज्यांना महालक्ष्म्यांना सुट्टी मिळेल त्यांनी यावं. आंबील आमच्याकडे आहेच.